कुसुमच्या नावाचा कागद

वलवणच्या आमच्या घरात बरेच दिवस एक नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. मग एका सकाळी आबांनी हुकूम काढला की आजपासून तेच नाव दिवसभर घ्यायचं, आणि ते घेतलं की मी ‘ओ’ द्यायची. नाव होतं कुसुमचं. कुसुम माझी चुलत बहीण, माझ्याहून काही महिन्यांनी मोठी. ती वारली होती. मी यमुना, घरातली यमी, चांगली जिवंत होते, आणि तिच्या नावानं मला बोटीत बसवून आफ्रिकेला न्यायचं ठरलं होतं. आता हे लिहिताना वेड्यांच्या इस्पितळातली हकीकत वाटते, पण आमच्या घरात कुणी वेडं नव्हतं. सगळे एकमेकांच्या जिवाला जपणारे होते, आणि जपता जपता माणसं काय करून बसतात ते मी त्या वर्षी पाहिलं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते, घरातले कर्ते. त्यांची बायको लवकर गेली, मूल नव्हतं. मधले माझे वडील. ते आणि आई एकाच साथीत गेले, मला दोघांचे चेहरेही आठवत नाहीत. धाकटे नाना, कुसुमचे वडील, आणि त्यांची बायको ती काकी. काकीनं मला पदराखाली घेतलं तेव्हा कुसुम तिच्या अंगावर पीत होती. एकीला एका मांडीवर, दुसरीला दुसऱ्या मांडीवर, असं तिनं आम्हाला वाढवलं. आमची गोधडी एक, परकर एकाच कापडाचे, आणि मार बसायचा तोही बहुतेक दोघींना मिळून. माझी पहिली आठवण म्हणजे कुसुमचा गार पाय माझ्या पोटाला लागलेला, आणि मी ओरडू नये म्हणून तिनं माझ्या तोंडावर दाबलेला हात.

धरण झालं तेव्हा आमची चांगली भातखाचरं पाण्याखाली गेली. उरली ती उतारावरची, नाचणी-वरईची. म्हणून नाना लहानपणीच लोणावळ्याला इंजिनांच्या शेडमध्ये लागले आणि हुशार फिटर झाले. गाडीला मागून रेटायला घाटात वाफेची इंजिनं लागायची, त्यांच्या शिट्ट्या आमच्या ओट्यावर ऐकू येत. काकी म्हणे शिट्टीवरून सांगायची, आता ह्यांची पाळी सुटंल. पुढे घाटात विजेची इंजिनं आली. शिट्ट्या थांबल्या आणि नानांचं कामही थांबलं. शेडमधल्या काही कारागिरांना मोंबासाच्या रेल्वेनं बोलावलं, त्यांच्याबरोबर नाना गेले. आम्ही दोघी तेव्हा नुकत्या चालायला लागलो होतो. त्यानंतर संध्याकाळी ओट्यावर बसलं की तलावाचं पाणी बांधाला लागतं तेवढा आवाज यायचा. अजूनही मला शांत पाणी आवडत नाही. माणसं पैसे देऊन तलावाकाठचे बंगले घेतात, त्यांचं मला नवल वाटतं.

कुसुम गेली ती वलवणला नाही. काकीचं माहेर पवनमावळात, डोंगरापलीकडे. तिथल्या जत्रेला दोघींना न्यायचं ठरलं होतं, पण मला गोवर निघाला म्हणून मी आबांजवळ राहिले. कुसुम नव्या परकरात उड्या मारत गेली, वळणावरून मला वेडावून गेली. तिकडे तिला ताप भरला. काकीच्या भावानं वैद्य आणला, अंगारा आणला, पण ताप उतरला नाही. लहान मूल म्हणून ओढ्याच्या कडेला पुरलं. काकी परत आली ती एकटी, काखेत गाठोडं. मी दारात उभी होते. मी विचारलं, “कुसुम कुटं?” काकी माझ्याकडे बघत राहिली. आबांना निरोप आधीच आला असावा; ते मागून म्हणाले, “ऱ्हायली मामाकडं.” मला कितीतरी दिवस ते खरं वाटत होतं. मी तिच्यासाठी करवंदं झाकून ठेवायची, ती सुकून जायची.

नानांना कळवायचं नाही हे आबांनी त्याच आठवड्यात ठरवलं. त्याला आमच्यातला एक रिवाज कामी आला. दूर असलेल्या माणसाला सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यावर. कळलं की अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ करायची आणि दुखवटा धरायचा. कळलं नाही तोवर तो मोकळा, गोडधोड खायला मोकळा. आबा काकीला म्हणाले, “कानावर गेलं की सुतक. न्हाई गेलं, तवर त्याची पोरगी जित्ती हाय. तितं परमुलखात एकला हाय त्यो, ना बायको जवळ ना भाऊ. कुनाच्या गळ्यात पडून रडंल?” काकीनं मान खाली घातली. पुढे आबा बोलले ते मला जन्मभर पुरलं आहे. ते म्हणाले, “आनि बापालाच सुतक न्हाई, तर आपुन तरी का धरायचं?” म्हणून घरात कुणी रडलं नाही. पत्रात आबा लिहीत की कुसुम बरी आहे, वाढते आहे. आणि त्या वाढण्याला माप हवं म्हणून की काय, लिहिताना ते माझ्याकडे बघत. शहाणी माणसं पुष्कळ पाहिली, पण इतका मायेचा मूर्खपणा पुन्हा बघण्यात आला नाही.

मग नानांचा जाड लखोटा आला. त्यांना तिथे रेल्वेची खोली मिळाली होती. त्यांनी तिथल्या साहेबासमोर शपथ घेऊन बायको आणि मुलगी कुसुम यांना आणायची परवानगी काढली होती. इकडून पासपोर्ट काढायचा, त्यासाठी काय काय लागेल तेही त्यांनी बारकाईनं लिहिलं होतं: आई आणि मुलीची एकत्र छबी, गावच्या पाटलाकडून मुलीच्या जन्माचा दाखला, देवी काढल्याचा दाखला, आणि वडगावच्या कचेरीत मामलेदारासमोर आईनं द्यायचं लिहून. परवा माझ्या नातीच्या तान्ह्या मुलाचा पासपोर्टसाठी फोटो काढायला आम्ही चौघीजणी खुळखुळे वाजवत होतो, डोळे उघडे पाहिजेत म्हणून. नात वैतागून म्हणाली, आजी, तुमच्या काळी बरं होतं. तेव्हाही सरहद्दीवर पहिला प्रश्न हाच असे की हे मूल कोणाचं आणि याला नेणारी तू कोण.

आता गंमत बघा. कुसुम वलवणला जन्मली म्हणून तिचा दाखला होता. ती मेली दुसऱ्या गावी, आणि तिथे कुणी नोंद केली नव्हती, म्हणून कागदावर ती धडधाकट होती. मी जन्मले आईच्या माहेरी, तिथलं घरच उठून गेलेलं. माझा कागद कुठेच नव्हता. काकी म्हणाली, “यमीला टाकून मी जानार न्हाई.” आबा दोन दिवस ओट्यावर बसून राहिले आणि मग म्हणाले, “मंग यमीच कुसुम.” नानांना तिकडे गेल्यावर काकीनं तोंडानं सांगायचं, असं ठरलं. बोटीतून उतरताना ते मुलीला उचलायला पुढे येतील, तेव्हा काय करायचं, याचा विचार कुणी केला नाही. मी मात्र तोच विचार करत असे.

लोणावळ्याच्या बाजारात एका छबीवाल्याकडे आम्ही गेलो. काकीनं मला कुसुमचा परकर घातला, तिच्यासारखा मधोमध भांग पाडला. छबीवाला म्हणाला, “बाई, मुलीकडे बघू नका, इकडे बघा.” काकी काही केल्या माझ्याकडे बघायची थांबेना. घरी आबांची तालीम सुरू झाली. मी शेण कालवत असले, पाणी भरत असले, की मागून हाक यायची, “कुसुम!” आधी मला कळायचंच नाही. मग आबा समोर येऊन बसत. “नाव काय?” “कुसुम.” “बापाचं?” मी नानांचं नाव सांगायची. “ही कोन?” “माझी आई.” हे शेवटचं सांगताना मला लाजही वाटायची आणि फार बरंही वाटायचं. खेकड्यांचं कालवण झालं की आबा नांग्या माझ्या ताटात टाकत, कारण नांग्या कुसुमला आवडायच्या, दातांनी फोडून ती त्या चोखत बसायची. मला त्या आवडत नव्हत्या. पण मी फोडायची आणि चोखायची, आणि हळूहळू मला वाटू लागलं की ती कुठूनतरी बघते आहे, आपलं ताट दुसरीला दिलेलं बघते आहे. तलावावर कळशी बुडवायला वाकले की पाण्यात मधोमध भांग दिसायचा आणि मी कळशी अर्धीच घेऊन पळायची.

एका दुपारी काकी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी पलीकडे काळा घेवडा निवडत होते. भाकरी परातीत फिरवता फिरवता काकी अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, “कुसुम.” मी तालमीप्रमाणे म्हटलं, “ओ, आई.” काकीचे हात थांबले. भाकरी परातीतच फाटली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी भिंतीला पाठ लावून बसले. तिनं मला हाक मारली नव्हती. ती ज्या पोरीला हाक मारत होती तिच्याऐवजी मी ओ दिली होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला.

वडगावला आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. आबा, काकी, मी, आणि फडक्यात भाकरी-ठेचा. मळवली, कामशेत, कान्हे, प्रत्येक स्टेशनावर आबा मला नाव विचारत आणि मी बरोबर सांगत होते. मामलेदार पुण्याकडचे, वयस्क, हळू बोलणारे होते. त्यांनी छबी पाहिली, मला पाहिलं. “बाळ, नाव काय तुझं?” “कुसुम.” “शाळेत जातेस?” “जाते.” ते हसले आणि त्यांनी कारकुनाला वाचायला सांगितलं. कारकुनानं एका सुरात वाचलं, “मी खाली अंगठा करणार लिहून देते की, सोबतच्या छबीतली मुलगी कुसुम ही माझ्या पोटची असून आजमितीस हयात आहे.” मग त्यानं काकीच्या अंगठ्याला शाई लावली.

काकीनं अंगठा कागदावर नेला आणि अलीकडेच धरून ठेवला. “हयात म्हंजी?” तिनं विचारलं.

“जिवंत. मुलगी जिवंत आहे, असं.”

“न्हाई,” काकी म्हणाली. आबा खाकरले. काकीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. “जित्ती न्हाई ती, सायेब. माज्या भावानं खड्डा खनला आनि म्या माती लोटली. ही माझी कुसुम न्हवं. ही माझी पोरगी न्हवं.”

त्या खोलीत पुढे काय बोललं गेलं ते मला नीट आठवत नाही, आबांकडून नंतर कळलं. मला एवढंच ऐकू येत होतं की ही माझी न्हवं. स्टेशनांमागून स्टेशनं मी बरोबर उत्तर दिलं होतं, एकदाही चुकले नव्हते, आणि तरी मला घराबाहेर काढलं होतं. मामलेदारांनी तो कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाले, “अंगठा उठलेला नाही. तेव्हा याचं काही झालेलं नाही, आणि मीही काही ऐकलेलं नाही.” मग त्यांनी विचारलं की मुलीच्या वडिलांना ठाऊक आहे का. आबांनी नकारार्थी मान हलवली. “आधी त्यांना कळवा,” मामलेदार म्हणाले. “आणि या मुलीला न्यायची असेल, तर हिच्या कर्त्या माणसाची संमती लागेल, आणि नेणाऱ्यानं स्वतः माझ्यासमोर येऊन हिची जबाबदारी लिहून द्यावी लागेल.”

परतीच्या गाडीत मी आबांच्या शेजारी बसले, काकीच्या नाही. लोणावळ्याहून वलवणला चालत येताना आबा पुढे निघून गेले, रागानं. काकीनं माझा हात धरायला पाहिलं, मी सोडवून घेतला. थोडं चालल्यावर ती म्हणाली, “यमे, एक मातीत घातली. दुसरीला बी तिच्याच नावाखाली पुरू व्हय? तितं उतरल्यावर यमी कुटं गेली म्हनून कुनी इचारलं असतं का? कुनाला म्हाईतच नसतं, तू हुतीस.” मला ते तेव्हा कळलं नाही. मला आफ्रिकेला जायचं होतं आणि तिला आई म्हणायचं होतं, बस. माझी पहिली मुलगी मांडीवर आली तेव्हा ते वाक्य मला कळलं, आणि मी बाळंतिणीच्या खोलीत काकीसाठी रडले.

घरी आल्यावर काकी विहिरीवर गेली, लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानं दारात उभी राहून आबांना म्हणाली, “आजपास्नं सुतक.” आबाही उठले आणि विहिरीवर गेले. त्या दिवशी आमची चूल पेटली नाही, शेजारणीनं पिठलं-भात आणून दिला. काकी रडली ती इतक्या दिवसांचं सगळं मिळून रडली. दुसऱ्या दिवशी आबांनी नानांना खरं लिहिलं. उत्तर आलं नाही. पाऊस झाला, नाचणीला कणसं धरली, तरी उत्तर नाही.

उत्तर म्हणून नानाच आले. भरदुपारी मी अंगणात नाचणी वाळत घालत होते. ट्रंक डोक्यावर घेतलेला एक माणूस वळणावरून आला, मला बघून त्याच्या पावलांनी एकदम वेग घेतला आणि तितक्यातच तो थबकला. माझ्या अंगावर कुसुमचा परकर होता, माझा फाटून गेला होता. “मी यमी,” मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी मान हलवली. ते ओट्यावर चढले नाहीत. काकी बाहेर आली तेव्हा ते म्हणाले, “पानी घाल. तितं घेतली आंगूळ, पन ती काय खरी वाटंना.” काकीनं अंगणातच त्यांच्यावर घागर ओतली, कोटासकट.

त्यानंतर कितीतरी दिवस नाना माझ्याशी बोलले नाहीत. काकीला घेऊन ते पवनमावळात जाऊन आले. ओट्यावर बसून ते तलावाकडे बघत, मी आले की दुसरीकडे बघत. मी पुढ्यात ताट ठेवायची आणि पळायची. एकदा दाराआडून मी आबांचं ऐकलं. आबा सांगत होते, “यमीला ऱ्हाऊ दे हितं. माजं तरी कोन हाय? आनि तिला बघून तुला रोज तीच आठवंल.” नाना काहीच बोलले नाहीत. मी आत जाऊन काकीचं एक जुनं लुगडं हुडकलं आणि ते पोटाशी धरून बसले. काकी जाणार, मी राहणार, हे मला पक्कं झालं होतं. आबा वाईट नव्हते, त्यांना एकटं टाकणं बरंही नव्हतं. पण काकीवाचून मला श्वास घेता येईल असं वाटत नव्हतं, ते मी आजही तसंच सांगते.

मग एका सकाळी नाना म्हणाले, “यमे, येनी घाल. वडगावला जायचं हाय.” कशासाठी ते सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. आबा, नाना आणि मी गेलो. काकी दारात उभी राहिली, तिलाही काही सांगितलेलं दिसत नव्हतं. गाडीत दोघे भाऊ समोरासमोर बसून खिडकीबाहेर बघत होते. कचेरीत तेच मामलेदार, तोच कारकून. आबांनी काहीतरी हळू सांगितलं आणि एका कागदावर सही केली. तो कागद मला पाठवण्याचा होता की ठेवून घेण्याचा, मला कळेना. सही करून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मामलेदारांनी मला जवळ बोलावलं. “बाळ, नाव काय तुझं?”

एवढं सगळं झालं होतं, घरात सगळे मला यमी म्हणत होते, खोटं बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं. पण तीच खोली, तोच माणूस, तोच प्रश्न. माझ्या तोंडून आलं, “कुसुम.”

कारकुनाचा टाक थांबला. मी नानांकडे बघायला भीत होते. त्यांनी ते नाव घरात एकदाही घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. मागून त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. तो जड होता, आणि तो त्यांनी काढला नाही.

“कुसुम गेली, सायेब,” नाना म्हणाले. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “कुसुम गेली. ही यमुना. हिला घिऊन चाललोय मी.”

मामलेदारांनी मान हलवली. ते म्हणाले की मग त्या मुलीच्या मृत्यूचंही लिहून द्यावं लागेल, ती नोंद अजून कुठेच झालेली नाही. कारकुनानं दोन कोरे कागद पुढे घेतले, टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, “आधी कोणाचं लिहू?”

“आधी थोरलीचं लिवा,” नाना म्हणाले. “मंग धाकटीचं.”